मासेबंदी, मग श्रावण, मग चवथ: दोन कुत्र्यांना खायला काय घालू आणि फिरवू कुठे?

पाटावरचा पोस्टमन:

नमस्कार मंडळी. पोस्टातून निवृत्त झालो आणि आता गोव्यात सावई-वेरेंला कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या घरी असतो. बायको शाळेत शिकवते, तिच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे. सकाळी तिला कदंब बसमध्ये बसवून दिलं की घरात उरतो मी, माझी आई आणि दोन कुत्रे. स्वयंपाक माझ्याकडे. कोणी लादलेला नाही. जन्मभर लोकांच्या मनीऑर्डरी मोजल्या, आता नारळ खवतो, आणि खरं सांगायचं तर हेच जास्त जमतं.

कुत्र्यांची ओळख करून देतो. टायगर लॅब्रडॉर, वय झालेलं, अंगाने भरलेला. नाव टायगर, पण शेजारचं मांजर फिस्कारलं तरी माझ्या लुंगीमागे लपतो. मुलाने हौसेने घेतला, मग मुलगा परदेशी गेला आणि हौस आमच्या पदरात पडली. दुसरी पिंगी, गावठी, पिल्लू असताना देवळाच्या पायऱ्यांजवळ कोणीतरी सोडून गेलेलं. हिला घाबरणं ठाऊक नाही. सापाच्या वाटेला जाते, गव्यावरही भुंकली असती, पण सुदैवाने गवा अजून आमच्या पाटापर्यंत आलेला नाही.

प्रश्न दोन आहेत. पहिला खाण्याचा. आमच्याकडे कुत्र्यांचं वेगळं रांधत नाहीत. सकाळी उकड्या तांदळाची पेज एकाच टोपात होते, त्यांची बिनमिठाची आधी काढून ठेवतो, मग आमच्यात मीठ आणि वर तोराचं, म्हणजे कैरीचं लोणचं. दुपारी मासे आले की मसाला वाटायच्या आधी त्यांचा वाटा बाजूला. तारले कुकरला नुसत्या पाण्यात लावतो, काटे बोटाने चुरडले जातील इतके मऊ होईपर्यंत. मग उरलेल्यांचं आमचं हुमण, म्हणजे माशांची आमटी.

हे सगळं मेअखेरपर्यंत ठीक. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद. जे थोडं बाजारात येतं त्याचा भाव ऐकून मी पिशवी रिकामीच घरी आणतो. पुरुमेंताचं, म्हणजे पावसासाठी साठवलेलं सुकं डब्यात भरलेलं आहे, सुंगटं (कोळंबी) आहेत, बांगडे आहेत, पण मीठ पाहता कुत्र्यांना घालावंसं वाटत नाही. बंदी उठते न उठते तोच श्रावण. आमच्या घरी पूर्ण महिना शिवराक, अंडंसुद्धा नाही. आणि मग चवथ, आमचे गणपती. म्हणजे नदीवर गळ टाकून कोणी खडसं आणून दिलं तर ठीक, नाहीतर टायगर ताटलीकडे पाहून माझ्याकडे बघतो. ती नजर निभावणं कठीण. आईला विचारलं, कुत्र्यांपुरतं एखादं अंडं उकडू का? ती म्हणाली, "कुत्र्यांना श्रावण नसेल, पण माझ्या चुलीला आहे." विषय संपला.

दुसरा प्रश्न फिरण्याचा. उन्हाळ्यात आम्ही पाटाच्या कडेने झरीपर्यंत जातो, तिथून वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर. पहाटे नवरंग ओरडत असतो, दिसत मात्र क्वचित. पाऊस लागला की ही वाट शेवाळून जाते, सुपारीची गळलेली झावळं आडवी पडतात, जळवा, आणि साप आहेतच. डांबरी रस्त्यावर न्यावं तर वाहनं अशी येतात की मीच गटारात उभा राहतो. पावसात तुम्ही कुठे फिरवता? अनुभव असलेल्यांनीच लिहा. कोणी "गूगल करा" म्हणू नका, मला गूगल येतं.

सत्तरीकर:

फिरण्याबद्दल आधी लिहितो, खाण्यात मला गती नाही. तुमच्या भागात बिबटो असतोच, दिसला नाही तरी असतो असं धरून चाला. कुत्रा त्याचं आवडतं भक्ष्य. आमच्याकडे माणसावर तो येत नाही, पण अंगणात बांधलेलं कुत्रं उचलून नेल्याचं सत्तरीत कुठलंही गाव सांगेल. म्हणून संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरात, आणि पहाटे पूर्ण उजाडल्याशिवाय बाहेर नाही. पावसात अंधारून येतं तेव्हा घड्याळ बघू नका, आभाळ बघा. रात्री पिंगीला अंगणात बांधत असाल तर ते आजच बंद करा. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

बोंडला किंवा म्हादई अभयारण्यात कुत्रे न्यायचा विचारही नको. तिथे पाळीव कुत्र्यांना परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्या कुत्र्यांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात.

दुसरं गोचिडांचं. माकडताप सत्तरीत 2015 पासून माहीत आहे. तो पसरतो गोचिडांतून, आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे कोरडा काळ. पावसात तो धोका कमी. पण हिवाळ्यात काजूच्या बागेतून, जंगलाच्या कडेने फिरून आलात तर कुत्र्यांबरोबर गोचिडी घरात येतात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, कुत्र्यालाही जाऊ देऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

माशेलची माई:

पोस्टमनबाब, सगळ्यात आधी तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. चुलीचं वाक्य माझ्या सासूबाई बोलल्या असत्या, शब्दन् शब्द असाच.

पण मला सांगा, तुमच्याकडे न्हाणीत पाणी तापवायची वेगळी चूल आहे की नाही? जुन्या घराला असतेच. आमच्याकडे भांड्याखाली जाळ असतो तो न्हाणीत, आणि श्रावणातल्या शिवराकाशी त्या चुलीचा काडीचा संबंध नाही. मी तिथेच निखाऱ्यांवर जुन्या डब्यात अंडी उकडते. डबा ओळखीचा ठेवलाय, वरून दोन तारा बांधल्यात, चुकूनही स्वयंपाकघरात जात नाही. सासूबाईंना हे चाललं. तुमच्या आईंनाही चालेल, पण विचारून करा, गुपचूप नको. म्हाताऱ्या माणसांना वास कळतो.

बाकी रोजचं सांगते. मूगडाळ मऊ शिजवून, तांबडा भोपळा, गाजर, थोडं दही. आम्ही खतखतं करतो तेव्हा कुत्र्यांचं भाज्यांचं पातेलं तिरफळं आणि वाटण घालायच्या आधी काढते. खतखत्यात कांदा नसतो म्हणून ते सोयीचं, बाकीच्या पदार्थांत आधी कांदाच पडतो. कच्च्या केळ्याचे तुकडेही आवडतात. सुरण मात्र नको, खाजवतं. कुळीथ घालून बघितला, त्यांचं पोट फुगलं आणि आम्ही खोली सोडली.

आणि चवथीला घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. कोणी प्रेमाने नेवरी घालतं, कोणी मोदक, नेवरीत मनुका असतात हे कोणाच्या डोक्यात येत नाही. गणपतीच्या वर फळं टांगतात त्या माटोळीखाली बसवू नका. टायगरच्या तोंडाला पोहोचेल इतक्या उंचीवर आंबाडे आणि फळं टांगलेली असतात.

कोथरूडकर:

काका, राग मानू नका, पण एवढा उपद्व्याप कशाला? चांगल्या कंपनीचं वयस्क लॅबसाठीचं कोरडं खाणं मिळतं, त्यात सगळं मोजून असतं. वजनही आटोक्यात राहील. फोंड्याला दुकान असेलच. आम्ही फ्लॅटमध्ये तेच देतो, पावसात फिरवायचं असेल तर पार्किंगमध्ये चार चकरा.

पाटावरचा पोस्टमन:

राग कसला, कोथरूडकर. कोरडं खाणं डब्यात आहेच, कुठे बाहेर जायचं झालं तर तेच काढतो. पण मी दुपारचा भाजी चिरायला बसलो की हे दोघे दोन बाजूंनी येऊन बसतात. पिंगी गाजराच्या टोकांवर लक्ष ठेवते, टायगर कशावरही. आता त्यांना म्हणू, गोळ्या खा? आणि पार्किंग आमच्याकडे नाही, कुळागरात एक जुनी बजाज उभी असते, तिच्याभोवती चार चकरा मारल्या तर लोक मला दवाखान्यात नेतील.

माई, न्हाणीची चूल! घरात आहे, रोज पेटते, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. आईशी बोलतो.

गुरांचा डॉक्टर, निवृत्त:

डिचोली भागात सरकारी पशुवैद्य होतो. गुरं जास्त, कुत्रे कमी, पण निवृत्तीनंतर आता कुत्रेच जास्त येतात, कारण लोकांच्या गाई संपल्या. जरा सविस्तर लिहितो.

तुमची पद्धत चांगली आहे. कुत्रा माणसासारखाच मिश्र खातो, महिनाभर मासे नाहीत म्हणून काही बिघडत नाही. फक्त नुसत्या पेजेवर ठेवू नका. अंडं, मूगडाळ, दही, पनीर यातलं रोज काहीतरी हवं. घरचं अन्न कायम देणार असाल तर कॅल्शियम कमी पडतं. अंड्याची कवचं उकळून, वाळवून, बारीक पूड करून देतात लोक, पण किती ते वजनावर ठरतं, तुमच्या डॉक्टरकडून मोजून घ्या. तारले शिजवूनच द्या, कच्चे नको, त्यात बी-1 जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, ते शिजल्यावर जातं. सुकी सुंगटं, सुके बांगडे अजिबात नको, मिठाचा भार मूत्रपिंडावर येतो.

कांदा, लसूण, द्राक्षं आणि मनुका, चॉकलेट ही विषंच. माईंनी नेवरीचं सांगितलं ते अगदी बरोबर. याउपर आपल्या भागातल्या गोष्टी कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत म्हणून लिहितो. आंब्याचा बाठा, म्हणजे कोय: मे-जूनमध्ये आतड्यात अडकलेले बाठे काढायला शस्त्रक्रिया करावी लागते. लॅब्रडॉर तर गिळणारच. फणसाचे गरे चालतील, पण आठळी काढून. आणि काजू: सोललेला गर थोडा चालतो, बोंडूही चालतो, पण बागेत पडलेल्या बियांचं कवच चावलं तर त्यातलं तेल तोंड भाजून काढतं.

आता तुम्ही कुळागरात राहता म्हणून एक खास. जून-जुलैत सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मारतात ना? मोरचूद आणि चुना. तो ओघळून खाली पाटात, डबक्यात येतो. कुत्रा ते पाणी पितो, पाय चाटतो. मोरचूद तांबं आहे, उलट्या सुरू होतात. फवारणीच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस त्या बाजूला नेऊ नका, आणि माणसं बादल्या धुतात ती जागा तर बंदच.

पावसातलं आजारपण: लेप्टो. उंदरांच्या मुतातून डबक्यात येतो, कुत्र्याला होतो, तुम्हालाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी लागते, रेबीजच्या लशीबरोबर घेऊन टाका. रेबीजमध्ये गोव्याने मोठं काम केलंय, 2021 मध्ये सरकारने राज्य रेबीज नियंत्रित जाहीर केलं, म्हणून लस टाळायची असा अर्थ कोणी काढू नये. गोचिडांमुळे तापही येतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या, खाणं सोडलं, नाकातून रक्त आलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. गोचीड काढायची तर चिमट्याने, कातडीजवळ धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी पेटवणं वगैरे नाही. आणि माणसांची दुखण्याची गोळी कधीही देऊ नका.

पिंगीसारखी कुत्री पहिल्या पावसात भेक पकडते आणि तोंडाला फेस येतो, लोक विष झालं म्हणून धावत येतात. तोंड वाहत्या पाण्याने बाजूने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. सुस्त पडली किंवा झटके आले तर मात्र लगेच आणा. साप चावला तर बांधू नका, चिरू नका, चालवू नका, उचलून आणा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे, चापड्यावर त्याचा उपयोग नाही. चापडा पावसात सुपारीच्या झाडांवर, कुंपणावर बसलेला असतो, हिरवा असला तर दिसत नाही. म्हणून सापाचा फोटो लांबूनच काढता आला तर बरं, पण त्यासाठी वेळ घालवू नका.

टायगरसाठी शेवटचं. वजन कमी करा. ओल्या पायऱ्या उतरवू नका, सांधे दुखतात. लांबच लांब एक फेरी नको, दिवसातून दोनदा थोडं थोडं. फिरून आल्यावर कान आणि बोटांमधला भाग कोरड्या फडक्याने पुसा. गोव्याच्या पावसात बुरशी आधी तिथे लागते.

सड्यावरची:

मी जवळच, खांडेपारच्या बाजूला राहते, म्हणून वाटेचं सांगते. पावसात झरीची वाट सोडा, सडा धरा. जुलै अर्धा झाला की कातळावर माती नाही तिथेही काहीतरी उगवलेलं असतं, ऑगस्टमध्ये निळ्या-जांभळ्या फुलांचे पट्टे होतात. किडे खाणारी झाडं आहेत, दवबिंदू म्हणतात ती, लाल केसांवर चिकट थेंब घेऊन जमिनीला चिकटून बसतात. मी चष्मा काढून गुडघ्यावर बसते तेव्हा आमचा कुत्रा कंटाळून आडवा होतो. सड्यावर लांबून दिसतं, म्हणून साप आणि वाहन दोन्ही आधी कळतं. फक्त कातळ शेवाळतो, रबरी चपला नको. आणि वीज असेल तर उघड्यावर जाऊ नका. फुलांच्या पट्ट्यावर कुत्रे मोकळे सोडू नका ही एक विनंती, तिथे माणूसही जपून पाऊल टाकतो.

सकाळी शीळकरी कस्तूर पावसातच जास्त गातो, झऱ्याच्या कडेला. घराच्या पायरीवरून ऐकता येतो, त्याच्यासाठी वाट तुडवायची गरज नाही.

पाटावरचा पोस्टमन:

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांचं तर एकेक वाक्य वहीत उतरवून घेतलं. बोर्डोचं मी गड्याला आजच सांगितलं. तो म्हणाला, "मारीन त्या दिवशी आधी सांगतों, मग तुमीं घरांत रावा." कुत्र्यांना की मला, हे त्याने स्पष्ट केलं नाही.

आईशी बोललो. न्हाणीच्या चुलीला तिची हरकत नाही, फक्त अट घातली: अंड्यांची कवचं तुळशीजवळ टाकायची नाहीत, आणि अंघोळीचं पाणी तापत असताना डबा ठेवायचा नाही. मी आपलं सांगितलं की कवचं तशीही डॉक्टरांच्या पुडीत जातात. तर ती म्हणाली, "म्हणजे आता तू कुत्र्यांसाठी औषधंही कांडणार." पण संध्याकाळी स्वतःच विचारलं, डब्याला तार कुठली बांधायची.

पहिला प्रयोग झाला: मूग, भोपळा, पेजेचा गोळा आणि वर एक अंडं चुरून. पिंगीने अंडं आधी वेचून खाल्लं. टायगरने ताट चाटून उलटं केलं आणि पुन्हा सुलटं करून चाटलं.

सड्यावरची ताई, एक विचारायचं राहिलं. तुम्ही म्हणता तो सडा म्हणजे डोंगराच्या वरच्या अंगाला खाजगी कुंपण घातलंय तोच का? तिथे गेल्या वर्षी नवीन पत्र्याचा दरवाजा दिसला होता.

सड्यावरची:

तो नाही. त्या दरवाज्याच्या अलीकडे उजवीकडे गाईगुरं जातात ती वाट आहे, दोन काजू आणि एक कुड्याचं झाड लागतं, तिथून वर. गाई सकाळी लवकर जातात, त्यांच्या आधी नेऊ नका, पिंगी भुंकेल. त्या गेल्या की मागून चढा. टायगरला मधला उतार जमेल, वाट रुंद आहे. छत्री घेऊ नका, वारा उलटी करतो, रेनकोट बरा.

माशेलची माई:

आणि आल्यावर दोघांना पुसायला जुनं लुगडं ठेवा. टॉवेल सगळे ओले राहतात पावसात, लुगडं न्हाणीच्या चुलीजवळ वाळतं.

पाटावरचा पोस्टमन:

आईचं एक आहे, जरीकाठाचं. मागून बघतो.